कुंपणावरचं नारिंगी दगडफूल

माळावर अजून एकही विहीर खणली गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका बाभळीच्या फांदीवर नारिंगी दगडफूल वाढलं होतं. त्याच फांदीत मुळं रोवून एक बांडगूळ रस पीत होतं. दुष्काळ पडला, तशी बाभूळ दोघांवर चिडली.

"फुकटखाऊ मेले! माझ्या जिवावर माजलात."

"मी तुझं काही खात नाही," दगडफूल म्हणालं. "मला ऊन आणि दंव पुरतं. तुझ्याकडे बसण्यापुरती जागा घेतलीय."

"सगळे असंच म्हणतात! म्हाकूबाबा, तेवढी फांदी तोडा बरं."

म्हाकू धनगराने कुऱ्हाड घातली. पाला शेळ्यांपुढे टाकला आणि काटेरी फांदी तिथेच, मेंढरांच्या कुंपणात खोवली.

महिन्याभरात फांदी कडकडीत वाळली. तिच्यासोबत बांडगूळही वाळलं. दगडफूल मात्र दंव पिऊन फुगलं होतं आणि कोवळ्या उन्हात झळकत होतं.

बाभूळ वरून बघतच राहिली.

"नीट बघ," दगडफूल तोऱ्यात म्हणालं. "तुझी फांदी मेली आणि मी आहे तसंच आहे. आता सांग, मी कुणाच्या जिवावर होतं?"