कोल्ह्याचा वाटा

दूर उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, अशा एका समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मानेचे रानहंस अंडी घालायला यायचे. त्यांत एक हंसीण होती, अंगाने सगळ्यांत लहान.

त्याच किनाऱ्यावर एक पांढरा कोल्हा फिरायचा. प्रत्येक घरट्यापाशी थांबून गोड आवाजात म्हणायचा, "एक अंडं मला द्या, बाकीची मी राखतो." हंस मान खाली घालून मुकाट्याने एक अंडं पुढे सारायचे.

लहान हंसिणीचं हे पहिलंच घरटं. स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून तिने ते आतून मढवलं होतं. एके दिवशी कोल्हा तिच्यासमोर येऊन बसला.

"ताई, माझा वाटा?"

"कसला वाटा? अंडी मी घातली, ऊब मी देतेय. तू काय केलंस?"

शेजारचा म्हातारा हंस घाबरून म्हणाला, "पोरी, देऊन टाक. आम्ही सगळेच देतो. एकच तर जातं!"

"आपलं एकच जातं, आजोबा. पण आतल्या पिल्लाचं तर सगळंच जातं ना?"

कोल्ह्याचा गोडवा उतरला. "केवढीशी तू! एका घासात संपशील."

"मग ये," ती म्हणाली आणि पंख पसरून घरट्यापुढे उभी राहिली.

कोल्ह्याने झडप घातली. तिने त्याचं नाक चोचीत पकडलं ते सोडलंच नाही. पिसं उडाली, पंखातून रक्त आलं. त्या झटापटीत कोल्ह्याचा पाय घरट्यात पडला आणि एक अंडं फुटलं. तो आवाज ऐकून, सकाळीच आपलं अंडं देऊन बसलेली एक हंसीण ताडकन उठली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. शेवटी म्हातारा हंसही धावला. चोचींचा आणि पंखांचा असा मार बसला, की कोल्हा लंगडत पळाला.

लांबच्या खडकावरून तो ओरडला, "एक अंडं गेलंच ना शेवटी? मग भांडून काय मिळवलंस?"

हंसीण धापा टाकत होती. फुटलेल्या अंड्याकडे बघून तिचे डोळे भरले, पण मान ताठच होती.

"ते फुटलं," ती म्हणाली. "मी दिलं नाही. आणि यापुढे इथे कुणीच देणार नाही."

कोल्ह्याने किनाऱ्यावर नजर फिरवली. एकाही हंसाची मान खाली नव्हती.

तात्पर्य: घाबरून दिलेला वाटा पुन्हा पुन्हा मागितला जातो, म्हणून सोसावं लागलं तरी अन्यायाला तोंडावर नाही म्हणावं.