कनका आणि पाटावरची साळुंकी

ज्या काळाचं नावही आता कुणाला आठवत नाही, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. वर मोठा तलाव होता आणि तिथून पाटांनी पाणी गावोगावी जाई. पाटांच्या दारांवर लाकडाचे राखणदार उभे असत. ते जेवत नसत, झोपत नसत. पण त्यांना स्वतःची अक्कल मुळीच नव्हती. छातीवरच्या पाटीवर जी आज्ञावली लिहिलेली असेल, तेवढंच ते करत. ‘पाणी खुणेपर्यंत चढलं की दार उघड. खुणेखाली उतरलं की मीट.’ एखाद्या दाराची आज्ञा याच्या नेमकी उलटही असे. एक शब्द चुकला, की शेत वाळलं नाहीतर बुडालं.

या आज्ञावल्या लिहायचं काम कनका नावाची बाई करी. मोठ्या जबाबदारीचं काम होतं आणि वेळखाऊही होतं. एकेका दाराला तिला पंधरवडा लागे.

एका वर्षी भूकंप झाला. डोंगराची कड ढासळली आणि जुने पाट गाडले गेले. लोकांनी रात्रीचा दिवस करून नवे पाट खणले. आता प्रत्येक दाराची आज्ञावली नव्यानं लिहायची होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. कनका रात्रंदिवस लिहीत बसली, तरी काम सरेना.

तेवढ्यात एका यात्रेकरूनं राजाला एक बोलणारी साळुंकी भेट दिली. ती देशोदेशींच्या पाटांवर वाढली होती. तिथले लिहिणारे आज्ञावल्या मोठ्यानं वाचत, त्या ऐकून ऐकून तिच्या जिभेवर बसल्या होत्या. राजानं ती कनकाकडे पाठवली.

कनका म्हणाली, “आता पाखरानं सांगायचं आणि मी लिहायचं?”

“सांगून तर बघ, बाई,” साळुंकी म्हणाली.

कनकानं एका दाराची अडचण सांगितली. तिनं लेखणी शाईत बुडवेपर्यंत साळुंकीची आज्ञावली म्हणून झालीसुद्धा. कनकानं ती दोनदा वाचली. अचूक होती! कनकाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती एकटीनं हे ओझं वाहत होती.

मग काम भराभर होऊ लागलं. सुरुवातीला कनका प्रत्येक ओळ तपासून बघे. पुढे नुसती नजर फिरवी. शेवटी शेवटी तर तेही करीना. साळुंकी म्हणे आणि ती उतरवून घेई.

पाट तयार झाल्यावर परीक्षेसाठी पाणी सोडलं. बाकी सगळी दारं नीट चालली. पण कुंभारवाड्यावरच्या दारापाशी पाणी चढलं आणि मिटायचं ते दार सताड उघडलं. लोंढा वस्तीत शिरला. कच्ची मडकी विरघळून गेली. गिरजाबाई नावाची म्हातारी कुंभारीण भट्टीपाशी बसली होती. ती छातीभर पाण्यात सापडली. शेजाऱ्यांनी ओढून काढलं म्हणून वाचली.

दरबार भरला. सेनापती गरजला, “मुरगाळा त्या पाखराची मान!”

ओल्या लुगड्यातच आलेली गिरजाबाई म्हणाली, “तिची मान मुरगाळून माझी मडकी परत येणार हायेत का, सरकार?”

राजानं साळुंकीला विचारलं, “तू चुकीचं का सांगितलंस?”

“महाराज, मी ऐकलेल्यातूनच जुळवून सांगते. मी वाढले त्या देशांत चढलेलं पाणी माळावर सोडून देतात. इथे माळाच्या जागी वस्ती आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही.”

कनका खाली मान घालून पुढे झाली. “पण मला माहीत होतं, महाराज. कुंभारवाडा मी शंभरदा पाहिलाय. मी वाचलं असतं तर तिथेच थांबले असते. ती बरोबर असो की चूक, एकाच सुरात बोलते. कान टवकारायचं काम माझं होतं.”

“मग हे पाखरू उपयोगाचं आहे की नाही, ते एकदा सांग,” राजा म्हणाला.

“फार उपयोगाचं आहे, महाराज. ती नसती, तर अर्ध्या दारांवरच्या पाट्या आज कोऱ्या असत्या. तिला ठेवा. आणि मलाही एक संधी द्या.”

राजानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून कनका साळुंकीला खांद्यावर घेऊन दारोदार हिंडू लागली. खाली काय आहे, पाणी कुठे तुंबतं, कुणाचं घर आहे, हे आधी ती सांगे. मग साळुंकी आज्ञावली म्हणे. कनका ती मोठ्यानं वाचे, ओंजळभर पाणी सोडून बघे आणि मगच पाटी टांगे.

वाटेत भूकंपातून वाचलेलं एक जुनं दार लागलं. त्याची पाटी कनकानंच कधीतरी लिहिली होती. कनकानं ती मोठ्यानं वाचली, तशी साळुंकी म्हणाली, “बाई, हे दार उघडतं खरं, पण मिटायचं कधी, ते लिहिलंच नाहीस.”

कनका खळखळून हसली. “अगं, म्हणूनच इथले लोक हे दार हातानं मिटत होते! इतकी वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नाही! बरी भेटलीस बाई मला.”

पाऊस आला आणि धो धो कोसळला. तलाव काठोकाठ भरला. राखणदारांनी दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कुंभारवाड्याचं अंगण कोरडं राहिलं आणि गिरजाबाईची भट्टी पेटली. शेतं पिकली.

सुगीच्या दिवशी कनकानं एक डाळिंब फोडून साळुंकीपुढे ठेवलं. “हे तुझं. तुझ्यामुळे वेळेत झालं सगळं.”

साळुंकीनं दाणा चोचीत धरला नाही. ती म्हणाली, “माझं त्यात काय आहे? लिहिणारे लिहून गेले. मी नुसती ऐकत होते. त्यांतल्या कितीकांची नावंही मला ठाऊक नाहीत.”

कनकानं डोंगरापलीकडच्या सगळ्या देशांकडे तोंड करून हात जोडले.

आज आज्ञावल्या लाकडाच्या राखणदारांसाठी नाही, संगणकासाठी लिहितात. आणि लिहिणाऱ्याच्या खांद्यावर आजही अशी एक साळुंकी बसलेली असते: इतरांनी लिहिलेल्या आज्ञावल्यांवर वाढलेली कृत्रिम बुद्धिमत्ता.

बोध: मदत कृतज्ञतेनं घ्यावी, पण ज्या कामावर दुसऱ्याचं घर उभं आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्यावाचून हातावेगळं करू नये.