पिंपळदऱ्याच्या सोयरा

पिंपळदऱ्याच्या विहिरीवर सकाळची पहिली घागर कुणी घरी नेत नाही. ती वाटसरूसाठी काठावर ठेवतात. आणि या गावात मुलींचं 'सोयरा' हे नाव अजून टिकून आहे. विहीर बघायला येणाऱ्यांना त्यामागची गोष्ट सांगतात त्या ऐंशी वर्षांच्या सोयराबाई हांडे.

गावाला तेव्हा पाणी नव्हतं म्हणे. पाटलाने विहीर खोदायला वडार बोलावले. त्यांच्यात पाठीशी तान्हं बांधून पहार चालवणारी एक बाई होती. एक्केचाळिसाव्या दिवशी तिच्याच पहारेखाली झरा फुटला. काठावर वाजंत्री वाजली. नव्या पाण्याची पहिली घागर पाटलाच्या सोयऱ्यांना द्यायची, असा रिवाज होता. बाईचं पोर तापाने फणफणलं होतं. तिने ओंजळ पुढे केली.

"आधी सोयरे," पाटील म्हणाला. "तू कोण गं आमची?"

लोक हसले. वर जावईबापूंनी त्या पाण्याने पाय धुतले, असंही सांगतात.

बाई पोर घेऊन निघून गेली. पोर शिवेवरच गेलं. संध्याकाळी विहिरीचं पाणी असं खाली उतरलं, की कुठलाच दोर पुरेना. घाबरलेलं गाव तिच्यामागे माळावर धावलं. पण हाक काय मारणार? एक्केचाळीस दिवस ती नुसती 'ए वडारणी' होती. मग पाटलीणच ओरडली, "सोयरे! अगं सोयरे, माघारी फिर!"

ती फिरली नाही.

त्या साली पाटलाला मुलगी झाली. पाटलिणीने तिचं नाव सोयरा ठेवलं, आणि बारशाच्या दिवशी पाणी चढलं, असं म्हणतात.

"किती गोड नाव!" ऐकणाऱ्यांतली एक बाई म्हणाली.

"गोड कसलं, बाई? हाक आली की मान खाली जाती माझी."

आजही पहिली घागर काठावर असते. आजही गावात पाच सोयरा आहेत. वडाराच्या घरची एकही नाही. गेल्या उन्हाळ्यात विहिरीच्या पायऱ्या ढासळल्या, तेव्हा वडारच आले. महिनाभर राबले. प्यायचं पाणी ते ड्रममधून बरोबर आणत. काठावरची घागर त्यांना कुणी दाखवली नाही. त्यांच्यात तिघी बायका होत्या.

"नावं काय होती त्यांची?" त्याच बाईने विचारलं.

सोयराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या.