छपरावरचा धूर

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. थंडी कडाक्याची, म्हणून घरोघरी चूल दिवसभर धगधगायची. त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण या गावाची तऱ्हाच न्यारी होती. ज्याच्या छपरातून दाट धूर, ते घर खातंपितं, अशी सगळ्यांची ठाम समजूत. सोयरिकीसुद्धा धूर बघून जुळत.

आता वाळकं लाकूड छान पेटतं, पण फारसा धूर देत नाही. म्हणून ही शहाणी माणसं उभी झाडं तोडून ओली लाकडं चुलीत कोंबत. भात अर्धा कच्चा, डोळे लाल, आणि इभ्रत मात्र आभाळाला भिडलेली!

रानाची राखण करणारी एक बाई होती. गावाचा झरा त्याच रानात होता. झाडं पावसाचं पाणी मुळांशी धरून ठेवत, म्हणून तो उन्हाळ्यातही वाहत असे. दर वर्षी त्याची धार बारीक होताना बघून तिचा जीव तुटायचा.

गाव वाढलं, चुली वाढल्या. शेवटी ती पाटलांकडे गेली.

"पाटील, चुली विझवा असं मी म्हणत नाही. थंडीत माणसानं शेकू नये का? पण रानात पडलेलं वाळकं सरपण गावाला पुरून उरेल. तेवढं उचला, उभ्या झाडाला हात लावू नका."

"आणि लोकांना काय दाखवू, बिनधुराचं छप्पर?" पाटील म्हणाले. "येत्या वैशाखात मुलाचं लग्न जमवायचंय मला!"

तरी त्यांनी सभा भरवली. रान वाचवायची सभा! आणि सभेत शेकायला ओल्या लाकडांचा ढीग पेटवला. बाईनं कपाळावर हात मारला. खोकत खोकत सभेनं ठरवलं, की रान पूर्ण बंद; काडीही उचलायची नाही. चार दिवसांत म्हातारीकोतारी माणसं गारठली. पाचव्या दिवशी तेच गाव कुऱ्हाडी घेऊन दुप्पट जोमानं रानात शिरलं.

"अरे, एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही! मधलं काही सुचतच नाही का तुम्हाला?" ती ओरडली. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.

वैशाखात झरा आटला. त्याच आठवड्यात मुलीकडची माणसं लांबून धूर बघून खुशीत पाटलांच्या ओसरीवर आली. मुलीच्या बापानं पाणी मागितलं. पाटलीणबाई रिकामा तांब्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"धूर तर भरपूर दिसला," मुलीचा बाप उठत म्हणाला, "पण माझी लेक काय धूर पिणार?"

दुसऱ्या दिवशी पाटील मान खाली घालून रानात वाळक्या काटक्या वेचत होते. बाईनं मोळी बांधायला दोर दिला.

"आता झरा परत येईल ना?" त्यांनी विचारलं.

"येईल की. तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत!"

तात्पर्य: गरजेपुरती ऊब रान आनंदानं देतं, पण मिरवण्यासाठी ते जाळलं, तर पाण्यालाही मुकावं लागतं.