अमृताचं मूळ

एका राज्यात, राजाच्या बागेतल्या वाळक्या झाडाखाली भांडण पेटलं होतं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला चिमाई नावाची कापड विणणारी म्हातारी.

“तू बोल,” राजा म्हणत होता.

“मूळ तोडलंस तू. बोलायचं तूच.”

त्या राज्यात शब्द झाडांना लागत. एका मुळाचे शब्द एका रक्ताचे. सात वर्षांमागे राजाला मरणाचं भय बसलं, म्हणून त्यानं मांत्रिकाकडून मरणाचं मूळ तोडवलं. मरण गळलं, मृत्यू गळला. राजानं साखर वाटली. तिसऱ्या दिवशी शेंड्यावरचा ‘अमर’ गळला आणि राजाच्या कुपीतलं अमृत आटलं. एकाच मुळाचे ते, राहतील कसे? पदरी शंभर पंडित, पण आधी सांगायला एकाची जीभ उचलली नाही.

तिथली रीत अशी, की जाणाऱ्याच्या कानात ‘आता सुखानं मर’ म्हणायचं, जवळच्यानं किंवा त्यानं नेमलेल्यानं. मगच जीव सुटे. शब्दच गेला. ओठ हलत, आवाज फुटेना. घरोघरी माणसं सापळे होऊन पडून राहिली. चिमाईचा धनीही त्यांतलाच. सात वर्षं ती त्याची कूस बदलत होती.

शेवटी त्या झाडावरच्या साळुंकीनं तिला मूळ जगवायची तीन कामं सांगितली. ओस मसणातली राख मुळाला घाल. चिमाईनं नखांनी उकरून मूठभर आणली. जाणाऱ्याच्या उशाचं शेवटच्या घोटाचं पाणी घाल. तेही तिनं धन्याच्या तोंडचं काढून आणलं. तिसरं, कुणीतरी तो शब्द स्वतःसाठी म्हणायचा, तेवढ्यापुरता आवाज फुटेल. म्हणेल तो जागीच पडेल, मूळ जगेल.

राजाला अमृत हवं होतं, पडायचं नव्हतं. तुझं वय झालंय, तो म्हणाला. मी पडले तर धन्याच्या कानात कोण सांगेल, आम्हाला मूल नाही, ती म्हणाली. कैदी आणू, राजा म्हणाला. धाकानं म्हटलेलं मुळाला पोचत नाही, साळुंकी म्हणाली. ऊन कललं तरी दोघं हटेनात.

पुढं झाडाला तांबूस पालवी फुटली. घरोघरी रीत पार पडली, मसणं धुरानं भरली. कुपी भरली, ती राजानं मुळाशी ओतली. मग तो अनवाणी विणकरांच्या आळीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे वाकला, एका म्हाताऱ्याच्या कानाशी. कारण पदर खोचून चिमाई एवढंच म्हणाली होती:

“राजा, मी मरते, माझ्या धन्याच्या कानात तू सांग.”