राजाच्या कोठीतले दोन दोर

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, वर्षं कोणी मोजलेली नाहीत. एका राज्यात एक लाकडी गडी होता. राजाच्या सुतारानं घडवलेला. चालायचा, बोलायचा, वाचायचा. दहा माणसांचं काम एकटा ओढायचा आणि कुरकुर म्हणून करायचा नाही. खोट एकच. जगाचा अनुभव शून्य. लिहिलेलं असेल तेवढंच त्याला ठाऊक.

राजाच्या कोठीत कुदळी, पहारी, दोर, कप्प्या अशा तीनशे तरी जिनसा होत्या. लाकडी गड्याला कळावं म्हणून राजानं हुकूम केला, प्रत्येक जिनसेवर पाटी लावा. काम दिलं शास्त्रीबुवांना. बुवांचं अक्षर मोत्यासारखं. पण जन्मात कधी कुदळ हातात धरलेली नाही, आणि धरणाऱ्याला विचारायचं म्हटलं की बुवांना कमीपणा वाटायचा.

त्या दरबारात रीत अशी, की राजाच्या वस्तूबद्दल लिहायचं तर स्तुतीच लिहायची. कोठीत दोन जाड दोर होते. एक मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीतून पाण्याची मोट ओढायचा दोर, काळपट, तेलकट. दुसरा मांडवाच्या खांबांना गुंडाळायचा, वरून रेशमी धागा, आत नुसतं वाळलं गवत. बुवांनी नाड्यावर लिहिलं, "उत्तम दोर. सर्व कामांस उपयोगी." मांडवाच्या दोरावर लिहिलं, "अत्युत्तम दोर. महाराजांच्या राज्याभिषेकास वापरलेला. सर्व कामांस उपयोगी."

राजा वाचून खूश झाला. दरबारही खूश. हे दोर वळणाऱ्या म्हातारीला मात्र कोणी विचारलं नाही.

एकदा वेशीबाहेर विहीर खणताना तळाला झरा फुटला. खणणारा एकटाच खाली होता. घाईनं वर चढताना त्याचा दोर तुटला, तो पुन्हा तळाला पडला. पाणी भराभर चढू लागलं.

त्याची बायको काठावरून ओरडली, "अहो, उभे राहा! बसू नका!"

"उभाच आहे! पाणी कमरेला लागलं. दोर टाका आधी, मग शहाणपण शिकवा!"

पाटलानं लाकडी गड्याला पळवलं. "कोठीतून मजबूत दोर आण. जा!"

गड्यानं कोठीत जाऊन दोन्ही पाट्या वाचल्या. उत्तमापेक्षा अत्युत्तम वरचं, एवढं त्याला समजत होतं. त्यानं मांडवाचा दोर उचलला. काठावरच्या लोकांनी रेशमी धागा पाहिला. राजाच्या कोठीतला माल, त्यावर शंका कोण घेणार?

खणणाऱ्यानं दोर कमरेला बांधला. चौघांनी ओढला. तो निम्म्यावर आला आणि दोर तुटला. खाली कपारीवर आदळून त्याचा पाय मोडला. पाणी आता छातीला आलं होतं.

तेवढ्यात गलका ऐकून दोर वळणारी म्हातारी आली. तुटलेलं टोक तिनं हातात घेतलं. "मेल्यांनो, हा मांडवाचा आहे! यानं बोकडसुद्धा बांधू नये!"

"पाटीवर असं नव्हतं," लाकडी गडी म्हणाला.

म्हातारी त्याच्यावर खेकसली नाही. नीट उभी राहून म्हणाली, "ऐक बाबा. कोठीच्या दाराच्या डाव्या हाताला खुंटीवर काळा दोर आहे. तो मोटेचा. दोन माणसांचं वजन घेतो. कप्पीवरून ओढायचा, दगडाच्या कडेवरून ओढलास तर झिजून तुटेल. कप्पीही घेऊन ये. कळलं?"

"आता कळलं," म्हणून तो पळाला. कप्पी लागली, नाडा खाली गेला. खणणारा वर आला तेव्हा पाणी गळ्याशी होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. शास्त्रीबुवा म्हणाले, "महाराज, लाकडाचं डोकं! त्यात अक्कल कुठून असणार?"

म्हातारी म्हणाली, "बुवा, त्यानं तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि तसंच केलं. अक्कल कोणाची तोकडी पडली ते तुम्हीच सांगा."

राजानं निकाल दिला, "सगळ्या पाट्या पुन्हा लिहा. आणि दोरांच्या पाट्या लिहून झाल्या, की त्या वाचून हा गडी जो दोर उचलेल, त्याच दोरानं बुवांना विहिरीत उतरवा."

मग काय! बुवा तीन दिवस म्हातारीच्या ओसरीवर बसून होते. काय कशाला लागतं, किती वजन घेतं, कुठं वापरायचं नाही, सगळं विचारून लिहिलं. मांडवाच्या दोरावर नवी पाटी लागली, "शोभेचा. वजन घेत नाही. माणूस किंवा जनावर बांधू नये." राजाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. गड्यानं दोन्ही पाट्या वाचून नाडा उचलला. बुवा विहिरीत उतरले आणि धडधाकट वर आले.

खणणारा मात्र जन्मभर लंगडला. पाट्या सुधारल्या, पाय सुधारला नाही.

बोध: ज्याच्या हाती हत्यार द्याल त्याला ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही हे दोन्ही सरळ सांगा, नाहीतर त्याची चूक ती तुमचीच चूक.