जोड न दिसणारी प्रत

एकदा एका वृद्ध पंडिताने आपल्या राज्यातल्या दुष्काळाची पोथी रचली. राजाची कोठारे भरलेली असताना जी माणसे अन्नावाचून मेली, त्यांची नावे तिच्यात साठ ओव्यांत होती. राजाला हे सहन होणार कसे? त्या साठ ओव्या वगळा, नाहीतर पोथी जाळू, असा हुकूम घेऊन कारभारी आला. आठ दिवसांची मुदत मिळाली.

पंडिताच्या शिष्याचे अक्षर गुरूच्या अक्षराशी तंतोतंत जुळत असे. पोथी कशीही करून टिकावी, एवढाच त्याला ध्यास. त्याने गुरूला न विचारताच साठ ओव्या गाळून नवी प्रत उतरवली, पुढच्या ओव्यांचे क्रमांक बदलले आणि तुटलेले कथासूत्र बेमालूम जोडून दिले.

नवव्या दिवशी कारभारी आला. प्रत पाहून तो खूश झाला आणि शिष्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात म्हाताऱ्याने ती देखणी प्रत उचलून चुलीत घातली आणि मूळ पोथी कारभाऱ्याच्या हाती दिली. जाळायची तर ही जाळा, एवढेच तो म्हणाला. भर चौकात, लोकांदेखत पोथी जळाली. शेवटचे पान जाईपर्यंत म्हातारा तिथेच उभा होता.

शिष्याला रडू आवरेना. एवढी मोठी पोथी हाती राहत होती, ती तुम्ही का घालवलीत, असे त्याने विचारले.

"तुझं काम फार चांगलं झालं होतं, म्हणून," गुरू म्हणाला. "तुझी प्रत वाचणाऱ्याला यात काही कमी आहे असं कधी वाटलंच नसतं. ती माणसं दुसऱ्यांदा मेली असती, आणि या वेळी आपल्या हातून. आज माझी बारा वर्षं जळाली रे. पण काहीतरी जाळलं गेलं, हे सगळ्यांनी पाहिलंय. आता लोक विचारतील."

शिष्याला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी दारात आली. जळालेल्या पोथीत माझ्या ठकूचं नाव होतं का, असे तिने विचारले. शिष्याची मान खाली गेली. ती ओवी त्याने स्वतःच गाळली होती.

"होतं, आजी," तो म्हणाला, आणि ओवी म्हणून दाखवली.

म्हातारी पायरीवर बसली. "पुन्हा म्हण," ती म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटली. तिच्यामागे आणखी माणसे येऊन उभी होती. त्यांच्या गेलेल्या माणसांपैकी किती जणांची ओवी आपल्याला आठवेल, याचा विचार करताना आपण काय पुसायला निघालो होतो, ते शिष्याला कळले.